वर कोण?

आमच्या घरी कोणी कडी वाजवली आणि आतून ‘कोण?’ असं विचारलं, तर बाहेरच्याने ‘मी’ म्हणायची सोय नाही. ‘मी’ म्हणणाऱ्याला मी दार उघडत नाही. जावई असो की भिक्षुक, नाव सांगावं लागतं. दिवाळसणाला आलेले धाकटे जावई यापायी अर्धी घटका बाहेर ताटकळले आणि लेक वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. शनिवार पेठेत माझ्या या खोडीला म्हातारचळ म्हणतात. म्हणोत बापडे. खोड मुळात माझी नाहीच, ती दाऊदमियांची आहे. मी ती फक्त सांभाळली, आणि तीही फार उशिरा.

परवा आमचा सतरा वर्षांचा नातू तालमीतून वेळेआधीच परत आला. तिथला दांडपट्ट्याचा वस्ताद मुसलमान. नातू म्हणाला, “आता त्या मियांकडे शिकायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.”

“आम्ही म्हणजे कोणी?”

“सगळ्यांनी.”

“नावं सांग.”

तो हसला. “आजोबा, सगळ्यांना कुठे नाव असतं?”

मला हसू आलं नाही. मी त्याच्या वयाचा होतो तेव्हा असंच एकदा आम्ही ‘सगळ्यांनी’ ठरवलं होतं. म्हणून दाऊदमियांबद्दल लिहायला बसलो आहे.

आमचे आप्पा नळाचे कारकून होते. कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्याच्या हौदांत येतं, ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. नळ म्हणजे चुन्या-विटांचं भुयार, माणूस वाकून चालेल एवढं. जागोजागी त्याला विहिरीसारखी दगडी तोंडं ठेवली आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. या भुयारात गाळ साचतो, झाडांची मुळं शिरतात, चुना सुटतो. तिथे उतरून ते सगळं नीट करणारा माणूस म्हणजे दाऊदमियां. तो नगरचा. तिथल्या जुन्या नळांवर त्याच्या सात पिढ्या खपल्या होत्या, आणि हे तो कोणाला विसरू द्यायचा नाही. “पुण्याचा नळ म्हंजी नगरच्या नळाचा धाकटा भाऊ,” तो म्हणायचा, “आन तोबी सावत्र.” पुणेकराच्या तोंडावर असं बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आज मी त्याला ‘अहो’ म्हटलं असतं. तेव्हा तो आप्पांच्याहून वयाने मोठा, पांढऱ्या दाढीचा, आणि आम्ही मिसरूड फुटलेली पोरं त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हाचं सांगताना तेव्हाचंच तोंड ठेवतो. खोटा मान आता देऊन काय उपयोग?

अंगाने तो सडपातळ, आणि जन्मभर भुयारात चालून त्याची पाठ अशी बसली होती की उघड्या रस्त्यावरसुद्धा तो वाकून, मान पुढे काढून चाले. डोक्यावर आभाळ आहे हे त्याला पटतच नसावं. उन्हात डोळे बारीक करी. बोले मात्र दणदणीत. आप्पा म्हणत, “दाऊद, मी समोर बसलोय, कात्रजला नाही.” हातात कायम एक लहानशी लाकडी मोगरी असे. कोणाच्या घरी गेला की बोलता बोलता भिंतीवर ती हळूच ठोकायचा, कान लावायचा आणि यजमानाला न विचारता सांगायचा, “हितं पोकळ हाय.” त्यामुळे त्याला ओटीच्या पुढे कोणी बोलवत नसे. ते त्याच्या धर्मामुळे की मोगरीमुळे, हे मला लहानपणी नीट कळत नव्हतं.

नळ धुण्याची रीत अशी होती. गावाबाहेर एक गाळटाकी होती. तिथे लाकडी फळी पाडली की पुढचा नळ कोरडा होई, पण मागून येणाऱ्या पाण्याने टाकी भरत राही. ती काठोकाठ भरायला एक प्रहर लागे. तेवढ्या वेळात दाऊदमियां टाकीपाशी नळात उतरे आणि गाळ मोकळा करत, भेगा लिंपत पेठेपर्यंत येई. वाटेत दोन उच्छ्वासांवर माणूस उभा असे. मधला वाण्याचा उच्छ्वास आणि शेवटचा चिंचेचा. ही नावं त्यानेच ठेवलेली. चिंचेच्या बुंध्याला बांधलेली दोराची शिडी खाली सोडायची, तो वर आला की बांबूवर पांढरं फडकं चढवायचं. ते पाहून मधला आपलं फडकं चढवी, ते पाहून टाकीवर आप्पा फळी उचलवत, आणि पाणी सुटे.

उच्छ्वासाखाली आला की दाऊदमियां खालून हाक मारी, “वर कोन?” वरच्याने नाव सांगायचं. चिंचेखाली उभं राहायचा माझा पहिला दिवस मला आठवतो. हाक आली. मी म्हणालो, “मी!”

“मी म्हंजी कोन? मी तर खालीबी हाय.”

“अरे, मी, आप्पांचा मुलगा.”

“आप्पांना चार मुलगे. नाव काय?”

“गोपाळ.”

“वर गोपाळ, आसं म्हना.”

“वर गोपाळ!” मी वैतागून ओरडलो. तेव्हा कुठे शिडी ताणली गेली आणि चिखलाने माखलेली दाढी वर आली. मोगरी कमरेला, करंजतेलाचा दिवा दातांत धरलेला. वर येऊन तो आधी दिवा विझवी, मग श्वास घेई. माझा चेहरा पाहून म्हणाला, “राग आला का? बसा, सांगतो.”

त्याचा थोरला भाऊ नगरच्या नळात गेला होता. तोही असाच उतरला होता. वरून कोणी तरी म्हणालं, ‘मी हाय.’ भाऊ भरवशाने पुढे गेला. तो जो कोण ‘मी’ होता, तो तंबाखू आणायला म्हणून गेला की कंटाळून घरी गेला, देव जाणे. पाणी सुटलं. “आमी लय शोधलं,” दाऊदमियां म्हणाला, “पर ‘मी’ कोन व्हता त्ये आजवर कळलं न्हाई. शिव्याबी द्यायच्या कुनाला? नाव घेतलेला मानूस जागा सोडत न्हाई, गोपाळराव. आन नळात बाकी समदा आवाज फुटतो, पर वळखीचं नाव पोचतं. म्हनून नावाशिवाय म्या शिडीला हात लावत न्हाई. मग वर कुनी का आसंना.”

मुसलमान माणूस ज्या नळात वावरतो त्याचं पाणी सोवळ्यात चालतं कसं, हा प्रश्न पेठेत अधूनमधून निघायचा. त्याचा निकाल शास्त्रीबुवांनी कधीच लावून ठेवला होता. वाहत्या पाण्याला दोष नाही. नळ धुतल्यावर पहिलं घटकाभर पाणी सोडून द्यावं, म्हणजे झालं. दाऊदमियांची या निकालावर काही तक्रार नव्हती. उलट तो म्हणे, “शास्त्रीबुवा शानं मानूस. पयलं पानी गढूळच आसतंय.” तो स्वतः मात्र हौदाचं पाणी कधी प्यायला नाही. कात्रजला गेला की तळ्यावर ओंजळीने पोटभर पिऊन घेई. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, “तळ्यात पानी कुनाचंच नसतंय. हौदात आलं की त्ये पेठेचं व्हतं.” हे तो कडवटपणे बोलला नाही. मोगरी ठोकून भिंत पोकळ आहे म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

आमचे सणवार त्याला आमच्याहून नीट ठाऊक होते, कारण त्याला ते पाण्यावरून कळत. एकादशीला पाणी कमी, द्वादशीला जास्त. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळ्या घरांतली भांडी निघतात. लग्नसराईत कोणत्या आळीचा हौद आधी रिकामा होईल हे तो महिनाभर आधी सांगे. आप्पा पंचांग बघत आणि दाऊदमियां बोटं मोजी. चुकले तर आप्पाच चुकत.

मग ते वर्ष आलं. उत्तरेतून पानिपतची बातमी आली, तीही एकदम नाही. आधी कुजबुज, मग एखाद्याचं पत्र, मग हातपाय गमावून परतलेला एखादा शिलेदार. पेठेत असं घर उरलं नाही जिथे कोणाची तरी वाट पाहणं चाललं नव्हतं. आमचं घर त्यातल्या त्यात नशीबवान, आमच्याकडचं कोणी गेलं नव्हतं. हे नशीब मला तेव्हा फार लाजिरवाणं वाटायचं. माझा जिवलग मित्र त्र्यंबक, समोरच्याच घरातला, त्याचा थोरला भाऊ हरिदादा परतला नाही. मेला म्हणून सांगणाराही कोणी आला नाही. वहिनी कुंकू पुसायला तयार नव्हती. दर संध्याकाळी ती दाराशी येऊन उभी राही, आणि त्र्यंबक तिच्याकडे न बघता घराबाहेर पडे.

आम्ही आठ-दहा जण घाटावर जमायचो. सगळे सतरा ते वीस वर्षांचे. लढायला गेलो नाही याची खंत आणि राग काढायला कोणी समोर नाही, अशी आमची गत. त्र्यंबक बोलायचा आणि आम्ही माना हलवायचो. बोलणं फिरून फिरून मुसलमानांवर यायचं. आपल्या तोफांमागे उभे राहून मेलेले गारदी कोण होते, हे आप्पांनी एकदा विचारलं, तर त्र्यंबक ताडकन उठून गेला. खरं सांगायचं तर आमच्यात सगळ्यात मोठ्या आवाजात शिव्या देणारा मी होतो. ज्याच्या घरात दुःख नव्हतं त्याला ते आवाजाने भरून काढावं लागत होतं.

मग कोणी तरी म्हणालं, नळात मियां उतरतो, पाण्यात विष कालवलं तर? कोण म्हणालं ते आज सांगता येणार नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही पाळीपाळीने हौदावर पहारा ठेवला. कशावर पहारा करायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याकडे बघत बसायचो. दाऊदमियां तिथून जाताना थांबला, वाकून पाण्यात पाहिलं आणि म्हणाला, “काय पडलंय का?”

त्र्यंबक उठला. “तुझ्या लोकांनी आमची माणसं मारली.”

“माझी लोकं?” दाऊदमियां म्हणाला. “माझी लोकं नगरला हाईत. येक म्हातारी आन दोन शेळ्या.”

कोणी तरी फिसकन हसलं. तो हसणारा मीच होतो. त्र्यंबकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पाण्याकडे बघायला लागलो. ते हसणं भरून काढायचं ओझं मग मी पुढे कितीतरी दिवस वागवत होतो.

भाद्रपद आला. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीला करतात. एरवी त्या दिवशी पेठेत दोन-चार घरी पानं मांडली जात. दाऊदमियां आप्पांकडे आला आणि ओटीखाली उभा राहून म्हणाला, “आप्पा, औंदा घातचतुर्दशीला पानी पुरायचं न्हाई. घरोघर न्हानं, घरोघर सैपाक. पावसानं नळात गाळ बी लय आलाय. द्वादशीला म्या उतरतो.” आप्पा पंचांग उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. मग म्हणाले, “उतर.”

वर उभी राहणारी जुनी माणसं त्या वर्षी उरली नव्हती. आप्पांनी वाण्याच्या उच्छ्वासावर त्र्यंबकाला उभं केलं. बरोबर काम केलं की पोराच्या डोक्यातला जाळ निवेल, असं त्यांना वाटलं असावं. चिंचेखाली मी. आदल्या दिवशी घाटावर त्र्यंबक म्हणाला, “त्याला कोणी हात लावायचा नाही. शिवी द्यायची नाही. तो हाक मारील, तेव्हा फक्त गप्प राहायचं. घाबरेल आणि पुणं सोडून जाईल. सगळ्यांना कबूल?”

सगळ्यांना कबूल होतं. नळावर उभे आम्ही दोघेच राहणार होतो, पण कबूल सगळ्यांना होतं.

द्वादशीच्या सकाळी मी चिंचेखाली जाऊन बसलो. शिडी बुंध्याला बांधली, सोडली मात्र नाही. लांब घरांच्या पलीकडे त्र्यंबकाचा बांबू दिसत होता. टाकीवर फळी पडल्याचं चिंचेखालीही कळे, कारण नळातली सळसळ थांबते आणि उच्छ्वासातून गार, ओल्या विटांचा वास येतो. मी सावली मोजत बसलो. अर्ध्या प्रहराने कधीतरी लांबून, खूप खोलवरून, त्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण तो वाण्याच्या उच्छ्वासाखाली होता हे कळलं. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग काही नाही. त्र्यंबकाने शब्द पाळला होता.

मग मोगरीची टकटक जवळ आली. पाण्यात पाय पडल्याचा आवाज. उच्छ्वासाच्या तळाशी उजेडाचा एक पिवळा ठिपका आला आणि थांबला.

“वर कोन?”

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

“वर कोन हाय?”

माझ्या तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. आसपास माणूस नव्हता. मी बोललो असतो तर त्र्यंबकाला कळलंही नसतं. हे मी आज इतक्या वर्षांनी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ‘पोरांनी भरीला घातलं’ असं माझ्या नावाने कोणी म्हणू नये. मी एकटाच होतो आणि एकट्यानेच गप्प राहिलो.

खालून शिवी आली. दाऊदमियांच्या तोंडी मी ऐकलेली पहिली शिवी. मग नेहमीच्या आवाजात, “टाकी भरत आली आसंल. शिडी सोडा.”

मी शिडी सोडली. मला वाटलं, आता सुटलो. शब्दही पाळला, माणूसही वर येईल. याहून शहाणपणाची युक्ती नाही, असं त्या क्षणी वाटलं होतं.

शिडी तळाला टेकली. उजेडाचा ठिपका तिच्याजवळ आला, आणि तिथेच राहिला.

“शिडी दिसली,” तो म्हणाला. “नाव न्हाई कळलं.”

मी गप्प.

“गोपाळराव आसतील तर नाव घ्या. दुसरं कुनी आसंल तर त्यानं घ्यावं. दुश्मन आसला तरी चालंल. नावाशिवाय म्या चढनार न्हाई.”

आता फक्त तीन अक्षरं बोलायची होती. इतका वेळ गप्प राहिल्यावर ती तोंडातून निघेनात. नाव सांगितलं म्हणजे आधी दोनदा ऐकून गप्प बसलेला कोण, तेही सांगितल्यासारखं होतं. मी उच्छ्वासाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. खाली उजेड हलला. पावलं निघाली, पण ती परत मागे निघाली होती, वाण्याच्या उच्छ्वासाकडे, टाकीकडे. माझ्या पुढे हौदाची जाळी, तिथून बाहेर पडायला वाट नव्हती.

आणि तेवढ्यात मी मान वर केली तर घरांच्या पलीकडे त्र्यंबकाच्या बांबूवर पांढरं फडकं होतं.

मी माझं चढवलं नव्हतं. माझं चढल्याशिवाय त्याने चढवायचं नव्हतं. असं ठरलंच नव्हतं! आप्पांना एवढंच दिसणार होतं की फडकं चढलं, म्हणजे दाऊद वर आला. आप्पा फळी उचलणार. तिथून माझ्यापर्यंत पाणी यायला अर्धी घटका, आणि दाऊदमियां पाण्याच्या दिशेनेच चालत निघालेला.

मी उच्छ्वासात कमरेपर्यंत वाकलो आणि ओरडलो. काय ओरडत होतो ते आधी मलाच कळलं नाही. परत फिर, पाणी सुटलं, धाव, असलं काहीतरी. ते सगळं दगडांवर आपटून माझ्याच कानात परत येत होतं. नळात आवाज फुटतो. मग आठवलं. “वर गोपाळ!” मी ओरडलो. “वर गोपाळ! वर गोपाळ!” मुंजीत शिकलेला मंत्रसुद्धा मी इतक्या मनापासून कधी म्हटला नसेल. घसा फाटला, तरी थांबलो नाही. गार वास गेला. विटांमधून सळसळ यायला लागली, मग घरघर. तळाशी काळं पाणी चकाकताना दिसलं, ते वर चढत होतं. दिवा कुठेच दिसत नव्हता.

“वर गोपाळ!”

शिडी ताणली गेली.

तो वर आला तेव्हा दातांत दिवा नव्हता, कमरेला मोगरी नव्हती. गुडघा फुटला होता. कठड्याला टेकून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मी पाणी आणायला उठलो, मग आठवलं की हा हौदाचं पाणी पीत नाही, आणि तसाच उभा राहिलो. त्याने पागोटं काढून पिळलं. मग माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला.

“पयल्यांदा हाक मारली तवा तुमी हितंच व्हता?”

“होतो.”

त्याने मान हलवली. पिळलेलं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि वाकून, मान पुढे काढून, निघून गेला.

आप्पांना त्याने सांगितलं की पाय घसरला, मोगरी वाहून गेली, उशीर झाला. फडक्याचा घोटाळा आप्पांच्या लक्षात आला असणार, पण त्यांनी विचारलं नाही, किंवा विचारायला ते घाबरले. त्र्यंबक मला घाटावर भेटला. मी त्याची बंडी धरून विचारलं, “फडकं का चढवलंस?” तो पांढराफटक होता. म्हणाला, “त्याने दोनदा हाक मारली. अगदी हरिदादासारखी. तो पुढे गेला तरी ती कानात घुमत राहिली, ऐकवेना. हाक थांबावी म्हणून...” मी त्याची बंडी सोडली.

घातचतुर्दशीला पेठेत घरोघर पाणी पुरलं. वहिनीने कुंकू पुसलं नाही, पण श्राद्धाचा स्वयंपाक तिनेच केला. त्र्यंबकाने तिलांजली दिली ती त्याच पाण्याने. पाणी ताम्हनाबाहेर सांडत राहिलं, शेवटी भटजींनी ताम्हन त्याच्या हाताखाली सरकवलं.

मी चार दिवसांनी हिय्या करून कागदवाल्यांच्या आळीत दाऊदमियांच्या खोलीवर गेलो. तो नवी मोगरी तासत बसला होता. मी म्हणालो, “आप्पांना का नाही सांगितलंत?” आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं. त्याने ते ऐकलं, पण त्याचं त्याला काही अप्रूप वाटलं नाही.

“सांगितलं तर काय व्हईल? तुमाला काढतील. मग म्या खाली उतरल्यावर वर कोन ऱ्हाईल? तुमच्यातलाच आनखी येक ना?” तो तासतच राहिला. “तुमचं नाव तरी ठाव हाय.”

मी माफी मागितली. त्याने मोगरी दारावर ठोकून पाहिली. “ऐकू येतंय,” तो म्हणाला. माझ्याबद्दल की मोगरीबद्दल, ते विचारायची छाती झाली नाही.

पुढे दोन वर्षं तो पुण्यात होता. चिंचेखाली उभा राहायचा मान, मान म्हणा की शिक्षा, मी हट्टाने माझ्याकडेच ठेवला. पण दाऊदमियांने एक बदल केला. तो आता वाण्याच्या उच्छ्वासाला दुसरी शिडी बांधून तिथून वर येऊ लागला. तिथे त्याने त्र्यंबकाला मागून घेतलं होतं! आप्पांना वाटलं, म्हाताऱ्याचं गुडघ्यामुळे काही तरी असेल. चिंचेपर्यंत तो येई, गाळ काढी, माझ्या पायाखालून हौदाच्या जाळीपर्यंत जाई आणि तसाच परत फिरे. माझ्याखाली येऊन ‘वर कोन?’ म्हणून त्याने एकदाही विचारलं नाही. मी मात्र उजेड दिसला की न विचारता ओरडायचो, “वर गोपाळ!” पावलं थांबायची नाहीत. टकटक करत उजेड पुढे जायचा. त्र्यंबकाला त्याने क्षमा केली असेल. त्र्यंबकाने दुःखाने केलं होतं. मी कशाने केलं होतं?

दोन वर्षांनी त्याने आप्पांना सांगितलं की डोळे अधू झाले, आता नगरला जातो. जाण्याआधी शेवटचा एकदा नळ धुऊन देतो. मी नेहमीप्रमाणे चिंचेखाली होतो. शिडी सोडलेली होती, दोन वर्षं ती दर वेळी सोडत होतो. टकटक आली. तळाशी पिवळा उजेड आला. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी पावलं थांबली.

“वर कोन?”

मला हुंदका आला. इतका की शब्द फुटेना. तो खाली उभा होता. वाट बघत होता. पुन्हा विचारलं नाही, पण गेलाही नाही.

“वर गोपाळ,” मी म्हणालो. ओरडलो नाही, साध्या आवाजात म्हणालो.

“ऐकलं,” तो म्हणाला.

त्याने शिडीचं टोक हातात घेतलं, एकदा ओढून पाहिलं. वरची गाठ कचकन आवळली. मग शिडी सोडून दिली. मी कठड्यावरून वाकून पाहत राहिलो. तो उजेड हळूहळू वळला आणि वाण्याच्या उच्छ्वासाकडे चालू लागला, जिथे त्र्यंबक त्याला नाव सांगणार होता.